हातची विद्या आणि तिचे कारण

(धारवाड येथे सुभाष रोडवर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धारवाडच्या सुभाष रोडचे नाव निघाले की जाणत्या माणसाला प्रथम आठवण होते ती पुस्तकांची. १९३३ साली जी. बी. जोशी यांनी स्थापन केलेली मनोहर ग्रंथमाला याच रस्त्यावर नांदली आणि तिच्या माळ्यावरील बैठकींमुळे कन्नड साहित्याच्या इतिहासात या रस्त्याला स्थान मिळाले. परंतु बाजारपेठेतील कोणत्याही जुन्या रस्त्यावर आणखी एक विद्या नांदत असते. ती ग्रंथात नसते. सायकल, शिवणयंत्र, घड्याळ, पाण्याचा पंप किंवा छापखान्यातील पायाने चालवायचे यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या बोटांत, कानांत आणि डोळ्यांत तिचे वास्तव्य असते. ग्रंथातील विद्या लिहिणाऱ्याच्या पश्चात उरते. ही दुसरी विद्या मात्र बहुधा माणसाबरोबर स्मशानात जाते. मिस्त्री लोक जिला ‘खुबी’ म्हणतात, त्या या विद्येचा आजच्या व्याख्यानात विचार करावयाचा आहे.

देवस्थानच्या स्मरणिकेशी कारखान्यातील खुब्यांचा काय संबंध, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो संबंध दुहेरी आहे. गोव्यातील देवस्थानांशी कुळाने बांधलेली अनेक कुटुंबे व्यापार-नोकरीच्या निमित्ताने घाटावर आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मुरगावहून कॅसलरॉकमार्गे हुबळी-धारवाडला जोडणारा लोहमार्ग झाला. तेव्हापासून घाटावरची कुटुंबे जत्रेला गोव्यात जाऊ-येऊ लागली ती त्याच मार्गाने. तो मार्ग ज्यांच्या कष्टाने चालत राहिला, त्या लोहारांचा, फिटरांचा आणि ओतकाम करणाऱ्यांचा या कुटुंबांवर उपकार आहे. दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. देवळातील घंटा, समई, दीपमाळ, पालखी आणि रथ ही सारी कारागिरांची निर्मिती होय. ती सांभाळण्याची जबाबदारी महाजनांवर आहे, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान मात्र महाजनांच्या दप्तरात नाही.

सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात हुबळीस आपला कारखाना उभारला. त्या कंपनीची पुढे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, १९५१ साली ती दक्षिण रेल्वेत विलीन झाली आणि २००३ पासून हुबळी हे नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय आहे. नावे बदलली, वाफेची इंजिने गेली, मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले. कारखाना मात्र चालू राहिला. असे कारखाने जेव्हा या देशात प्रथम उभे राहिले, तेव्हा तेथील पुष्कळसे काम गावच्या लोहाराला सर्वस्वी अपरिचित नव्हते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे चाकावर धाव बसविण्याचे काम.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढविताना लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान करतो. मग शेण्यांच्या आगीत तिला लाल होईपर्यंत तापवितो, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवितो आणि लगेच पाणी ओततो. धाव आवळत जाते, आरे तुंब्यात घट्ट रुतून बसतात आणि चाक एकजीव होते. एक मीटर व्यासाची लोखंडी धाव पाचशे अंश सेल्सिअसने तापली, तर तिचा व्यास सहा मिलिमीटरांच्या आसपास वाढतो. लोहाराला हा आकडा ठाऊक नव्हता. पण धाव किती लहान करावी हे त्याच्या हाताला ठाऊक होते. धाव फार लहान केली तर आरे मोडतात, फार मोठी केली तर उन्हाळ्यात चाक खिळखिळे होते. रेल्वेच्या चाकावर पोलादी टायर बसविण्याची जुनी रीतही हीच. तेथे चाक लोखंडाचे असल्यामुळे माप अधिक काटेकोर लागे. टायर चाकापेक्षा दर मीटर व्यासामागे सुमारे एक मिलिमीटर लहान कातला जाई आणि तापवून चढविला जाई. गावच्या लोहारशाळेतील खुबी आणि रेल्वेच्या कारखान्यातील पद्धत यांत तत्त्वाचा भेद नाही, भेद मापाचा आहे. गावच्या ऐरणीवर हात बसलेल्या माणसाला टायर चढविण्याचे काम कोणी पहिल्यापासून शिकवावे लागले नसेल, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

या विद्येची पहिली शाळा म्हणजे कान. बाजारात मडके घेताना गृहिणी ते बोटाच्या पेराने वाजवून घेते. नाद स्वच्छ आला तर मडके अखंड, बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा. गाडी स्थानकात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस डब्यांच्या चाकांवर ठोके देत जाई, हे दृश्य जुन्या पिढीने पाहिलेले आहे. त्याचे कामही गृहिणीचेच होते. अखंड धातूवर ठोका बसला की कंप संपूर्ण वस्तूभर निर्वेध फिरतो आणि नाद लांबतो. तडा असेल तर त्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, कंप तेथे विरतो आणि नाद बसतो. देवळाची घंटाही याच नियमाने बोलते. घंटेच्या कांस्यात तांबे साधारण चार भाग आणि कथील एक भाग असते. कथिलाच्या या मोठ्या प्रमाणामुळे घंटेला नाद येतो आणि त्याच प्रमाणामुळे ती ठिसूळही होते. लोलक वर्षानुवर्षे एकाच जागी आदळत राहिला की तेथे खळगा पडतो आणि पुढे तडा जाण्याची भीती उत्पन्न होते. म्हणून घंटा सांभाळणारे जाणकार काही वर्षांनी ती टांगणीत थोडी फिरवून घेतात, म्हणजे लोलकाला आघातासाठी नवी जागा मिळते. एवढ्या साध्या कृतीने घंटेचे आयुष्य वाढते. ही गोष्ट किती महाजनांना ठाऊक असेल?

कानाला जे कळत नाही, ते डोळ्याला दाखविण्याची युक्तीही जुन्या कारखान्यांत होती. आसाच्या पृष्ठभागावर केसाएवढी भेग असली तर ती नुसत्या नजरेला दिसत नाही. अशा वेळी तो भाग रॉकेल मिसळलेल्या तेलात भिजवीत, कोरडा पुसून काढीत आणि त्यावर खडूचा पातळ लेप देत. थोड्या वेळाने, जेथे भेग असेल तेथे आत शिरलेले तेल बाहेर झिरपून पांढऱ्या लेपावर काळसर रेघ उमटे. विसाव्या शतकात रंगीत आणि चमकणारी द्रव्ये वापरून भेगा शोधण्याची जी शास्त्रीय पद्धत रूढ झाली, ती या तेल-खडूच्या युक्तीचीच थोरली बहीण होय. आता आसांच्या तपासणीस श्रवणातीत ध्वनीची उपकरणे आहेत. पण एखाद्या आडगावी तडकलेल्या पंपाची भेग पाहावयाची असेल, तर खडूचा तुकडा आणि वाटीभर रॉकेल आजही पुरते.

डोळ्याची खरी परीक्षा मात्र पोलादाला पाणी देताना होते. छिन्नी लाल तापवून पाण्यात बुडविली की ती काचेसारखी कठीण होते, पण काचेसारखीच फुटतेही. म्हणून तिला घासून चकाकी आणतात आणि पुन्हा हळूहळू तापवितात. चकाकत्या पृष्ठभागावर रंग धावू लागतात. प्रथम फिक्या गवती पेंढ्याचा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. पिवळा रंग सुमारे २२० ते २३० अंशांवर येतो, जांभळा २८० अंशांच्या आसपास आणि निळा ३०० अंशांच्या सुमारास. कातण्याचे धारदार हत्यार पिवळ्या रंगावर थांबवावे, घणाचे घाव सोसणारी छिन्नी जांभळ्यावर आणि लवचीक राहावयाची स्प्रिंग निळ्यावर, असा संकेत आहे. हे रंग पोलादाचे नसतात. उष्णतेने पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. तो जाड होत जातो तसतसे प्रकाशाचे निरनिराळे रंग उठून दिसतात. पाण्यावर तेलाचा थेंब पसरला की रंग दिसतात, त्यातलाच हा प्रकार. उष्णतामापक नसतानाही लोहाराने जाडीच्या या सूक्ष्म बदलावरून उष्णता मोजली. पहिल्या तापविण्यासाठीही त्याच्याजवळ एक चुंबक असे. पोलाद ७७० अंशांच्या सुमारास तापले की त्याला चुंबक धरीत नाही. तेव्हा आणखी थोडे तापवून पाण्यात घालावे, एवढेच त्याला ठाऊक असे आणि तेवढ्याने त्याचे काम होई.

हाताच्या खुब्या तर असंख्य आहेत. गंजून जाम झालेला नट सोडविताना नवशिका पाना लावून सगळे बळ सोडविण्याच्या दिशेने लावतो आणि बोल्ट मोडून बसतो. जुना मिस्त्री म्हणतो, ‘आधी किंचित आवळ, मग सोड.’ उलट दिशेच्या त्या लहानशा हिसक्याने गंजाची पकड सुटते. तेवढ्याने भागले नाही तर नटाभोवती आच देतात. नट बोल्टाच्या आधी तापतो आणि फुगतो, म्हणून त्याची मिठी सैल होते. त्याच वेळी मेणबत्तीचे मेण लावले तर ते वितळून आट्यांत खोल शिरते. मऊ धातू घासताना कानशीचे दाते चोंदतात, म्हणून कानशीवर आधी खडू फिरवितात. लेथवर हत्यार कामाला नेमके केव्हा टेकले हे पाहण्यास सिगारेटच्या कागदाचा ओला तुकडा कामावर चिकटवितात. कागद मिलिमीटरच्या काही शतांशांइतका पातळ; हत्याराने तो ओढून नेला की तेवढेच अंतर उरले असे समजावे. घरातला खडू, मेणबत्ती आणि विड्या-सिगारेटचा कागद यांतून या लोकांनी मापयंत्रे निर्माण केली.

या खुब्यांत बुद्धीचा कस लावणारी एक खुबी आहे, ती म्हणजे सपाटी निर्माण करण्याची. आधी सपाट असे काहीच हाताशी नसताना अगदी सपाट पृष्ठभाग कसा करावा? दोन लोखंडी पाट घेऊन एकावर निळा रंग लावला, दुसरा त्यावर घासला आणि जेथे रंग लागला तेथील उंचवटे खरवडून काढले, तर काही काळाने दोन्ही एकमेकांना पूर्ण जुळतात. पण तेवढ्याने ते सपाट ठरत नाहीत. एक परातीसारखा खोलगट आणि दुसरा तितकाच फुगीर असला तरीही ते जुळतातच. म्हणून तिसरा पाट घ्यावा लागतो. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी आणि तिसरा पुन्हा पहिल्याशी जुळला, तरच तिन्ही सपाट. कारण दोन फुगीर पाट एकमेकांना कधीच जुळत नाहीत. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४० साली ही रीत विद्वानांच्या सभेत निबंध वाचून मांडली आणि पुढच्याच वर्षी बोल्टांच्या आट्यांना एकच माप असावे अशी सूचना केली. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसत नसे. व्हिटवर्थच्या नावाचे ते आटे आणि त्यांचे पाने हिंदुस्थानातील कारखान्यांतही दीर्घकाळ वापरात होते. व्हिटवर्थने ज्या कारखान्यात उमेदवारी केली, तेथे सपाटीचे काम त्याच्या आधीही होत होते. त्याचे मोठेपण असे की, त्याने कारखान्याच्या भिंतीआड असलेली गोष्ट कारणासह चारचौघांत सांगितली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. या खुब्या एका पिढीकडून दुसरीकडे कशा गेल्या? शागीर्दाने पहिली काही वर्षे झाडलोट करावी, भाता ओढावा, पाने मापाप्रमाणे हातात द्यावेत आणि नजरेने शिकावे, ही उमेदवारीची रीत. उस्ताद क्वचितच समजावून सांगे. ‘बघ आणि कर’ हेच शिक्षण. या रीतीचे गुण मोठे आहेत. हात शिकतो तो करण्यानेच, आणि हाताला एकदा आलेले सहसा जात नाही. परंतु दोषही तेवढेच मोठे आहेत. पहिला दोष गुप्ततेचा. पोटाचा प्रश्न असल्यामुळे शेवटची खुबी मुलासाठी किंवा जावयासाठी राखून ठेवण्याची वृत्ती कारागिरांत होती, आणि मूल अकाली गेले किंवा शहरात कारकून झाले की ती खुबी कायमची बुडे. दुसरा दोष जातिबंधनाचा. लोहाराचे लोहाराकडे आणि कासाराचे कासाराकडे राहिले. पांढरपेशा समाज हिशेबाच्या वह्या आणि दुकानाची गादी यांच्यापलीकडे गेला नाही. हात काळे करणे त्याला कमीपणाचे वाटले. महाजन कुटुंबांनीही हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ज्यांच्याजवळ लेखणी होती त्यांनी ऐरणीकडे पाहिले नाही, आणि ज्यांच्याजवळ ऐरण होती त्यांच्या हाती लेखणी आली नाही. ही विद्या बुडाली ती या दोहोंमधल्या दरीत.

ही दरी ओलांडणारा माणूस धारवाडपासून फार दूर जन्मला नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकत असता काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत असे त्यांच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांनी रंग सोडून यंत्रांची रेखाटने करण्याची विद्या धरली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. पुढे नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी, हा त्यांचा प्रवास महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही प्रांतांना परिचित आहे. सायकल दुरुस्त करणारा हात आणि रेखाटन काढणारा हात एकाच माणसाचा होता, हे त्या यशाचे मर्म होय. वाडीतील मंडळीही तशीच जमली. शंभोराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेबाची.

लोखंडी नांगराचा फाळ हा ओतकामातील मोठा कठीण विषय. फाळ मऊ असला तर जमिनीत झिजतो, सर्वस्वी कठीण असला तर दगडाला लागून तुटतो. यावरचा उपाय युरोपात एका अपघाताने हाती आला होता. इंग्लंडमधील इप्सविच येथे रॉबर्ट रॅन्समच्या ओतशाळेत साचा फुटून वितळलेला रस थंड पृष्ठभागावर सांडला आणि जेथे तो झटकन निवला तेथे तो विलक्षण कठीण झाला. रॅन्समने त्यातील कारण ओळखून १८०३ साली या रीतीचे पेटंट घेतले. साच्याची एक बाजू लोखंडाची ठेवावी, म्हणजे त्या बाजूने ओतीव लोखंड लवकर निवून कठीण होते आणि वाळूकडील बाजू हळू निवून चिवट राहते. असे अपघात शेकडो ओतशाळांत झाले असतील. ज्याने कारण शोधले त्याचा अपघात विद्या झाला. बाकीच्यांनी रस झाडून टाकला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड, दगडी कोळसा आणि रंग या तिन्हींची टंचाई झाली तेव्हा किर्लोस्करवाडीने भट्टीत लाकडी कोळसा वापरून पाहिला, रंग स्वतः घोटले आणि कोल्हापूर संस्थानातून मिळालेल्या जुन्या तोफाही नांगरांसाठी वितळविल्या. हीही खुबीच, परंतु ती गुपित राहिली नाही. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघाले. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत आणि शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा मूळ हेतू. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी वाङ्मयात त्याने स्वतःचे युग निर्माण केले. एका नांगराच्या कारखान्यातून मासिक निघावे ही घटना वरवर चमत्कारिक वाटते, पण तीत एक सुसंगती आहे. ज्या ठिकाणी हात आणि लेखणी एकत्र आली, त्या ठिकाणी विद्या कोंडून राहिली नाही. १९४१ साली हुबळीच्याच लोहमार्गावर हरिहर येथे किर्लोस्करांचा लेथ बनविणारा कारखाना उभा राहिला. तो पुढे बंद पडला. परंतु इमारत बंद झाली तरी शिकविलेले हात बंद होत नाहीत. लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले, तोपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकलेली एक पिढी ठिकठिकाणी पसरली होती.

खुबी कारणासह का गेली पाहिजे, याचे एक निर्णायक उदाहरण सांगण्यासारखे आहे. हत्यार धार लावताना निळे पडले की ते मऊ झाले, वाया गेले, असा नियम कारागिरांच्या अनेक पिढ्यांनी पाळला. साध्या पोलादाच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा आहे. पुढे टंगस्टनसारखे धातू मिसळलेले उच्चगती पोलाद कारखान्यांत आले. हे पोलाद पाचशे अंशांपर्यंत तापले तरी आपली कठीणता फारशी सोडीत नाही, म्हणजे निळे पडूनही ते शाबूत असते. उलट धार लावताना गरम झालेले असे हत्यार जुन्या सवयीने पाण्यात बुडविले, तर त्याला बारीक तडे जाण्याचा संभव असतो. ज्याला केवळ रंग पाठ होता, त्याने चांगले हत्यार टाकून दिले किंवा पाण्यात बुडवून तडकविले. रंग का येतो आणि पोलाद का मऊ होते, ही दोन निराळी कारणे ज्याला ठाऊक होती, तो नव्या पोलादालाही पुरून उरला.

कारण विचारण्याचा आणखी एक लाभ असा की, टाकाऊ रीती टाकता येतात. परंपरेतील सर्वच काही सोने नव्हे. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे, पेट्रोलने हात धुणे, ब्रेकवरील धूळ फुंकरीने उडविणे या गोष्टीही शागीर्दाने उस्तादाचे पाहूनच उचलल्या. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची पद्धत या देशात २००० सालापर्यंत चालू होती आणि ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे. दोन्ही शरीरात जाऊन घात करणारी द्रव्ये. कित्येक कुशल हात या अज्ञानाने अकाली थकले. ज्या आदराने खुबी जपावयाची, त्याच आदरापोटी अशी सवय मोडावयासही हवी.

आता या सर्वाचा देवस्थानाशी लागणारा निष्कर्ष. १९६१ च्या उमेदवारी कायद्याने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी कारखान्यातील शिक्षणाची जात मोडली आणि दार उघडले, हे फार मोठे काम झाले. त्या अभ्यासक्रमात कानस आहे, लेथ आहे. परंतु रथाच्या चाकाची धाव नाही, घंटेचा लोलक नाही आणि कांस्याची समई कशी सांधावी हेही नाही. ही विद्या देवळाभोवतीच्या सेवेकऱ्यांच्या घरांत उरली असेल तर उरली. त्या घरांतील मुले आता निराळ्या व्यवसायांत गेली आहेत आणि तो त्यांचा हक्क आहे. देवाच्या नावाने कोणाच्या मुलाला भात्याशी बांधून ठेवणे कोणत्याही महाजनाला शोभणार नाही. मात्र जाणकार गेला की पुढे काय होते, हे पाहून ठेवले पाहिजे. जुनी घंटा तडकली की जवळच्या कोणाकडून तरी साध्या वेल्डिंगने सांधली जाते आणि तिचा नाद कायमचा बसतो. रथाची सैल झालेली धाव तापवून आवळण्याऐवजी खिळे ठोकून बसविली जाते आणि त्याच भोकांतून पाणी शिरून लाकूड कुजते. हेतू चांगला आणि खर्चही झालेला. कारण मात्र कोणी विचारलेले नसते.

महाजनांच्या संस्थेजवळ एक गोष्ट पूर्वापार आहे, ती म्हणजे दप्तर. महाजन कोण, कोणत्या कुळाचा, कोणत्या सेवेचा मानकरी, याची नोंद गोव्यातील देवस्थानांनी पिढ्यानपिढ्या ठेवली आणि १९३३ च्या देवस्थान नियमावलीने तिला कायद्याची शिस्त लावली. त्याच दप्तरात आणखी एक वही घालण्यास काय हरकत आहे? देवळातील प्रत्येक धातूच्या व लाकडाच्या वस्तूची दुरुस्ती केव्हा झाली, कोणी केली, कोणत्या रीतीने केली आणि तीच रीत का योजली, एवढ्या चार रकान्यांची वही. ‘कोणी केली’ या रकान्यात कारागिराचे नाव पूर्ण लिहावे. देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरले जाते. घंटेला नाद देणाऱ्याचे नाव निदान वहीत तरी असावे. आणि ‘का’ या चौथ्या रकान्यासाठी महाजनांच्या तरुण मुलामुलींनी वृद्ध कारागिरांजवळ जाऊन बसावे. त्यांच्यापैकी कोणी अभियांत्रिकी शिकलेले असतील, कोणी रसायन. कारागीर कृती सांगेल, त्यांनी कारण शोधावे. या कामात कोणी कोणावर उपकार करीत नाही. दोघांजवळही अर्धी-अर्धी विद्या आहे.

ग्रंथांसाठी ख्यात असलेल्या सुभाष रोडसारख्या रस्त्यावर या विषयाची चर्चा व्हावी, हे सर्वथा उचित आहे. ज्या गावाने लिहिण्याची कला जोपासली, त्या गावाला न लिहिलेल्या विद्येची चिंता वाटली पाहिजे. पुढल्या जत्रेत रथ हलेल, तेव्हा त्याच्या दोराला शेकडो हात लागतील. त्या गर्दीत रथाच्या धावेकडे निरखून पाहणारा एखादा वृद्ध उभा असेल. दोर ओढून झाल्यावर एखाद्या महाजनाने त्याच्याजवळ जावे आणि ‘बाबा, ही अशीच का बसवतात?’ एवढे विचारावे. तो जे सांगेल ते त्याच रात्री लिहून ठेवावे. ही बुद्धी सर्वांना होवो, अशी श्रीचरणी प्रार्थना.